पाट्याचे बुश आणि जुन्या मालाचा डबा

माझ्या टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून पाट्याचा, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, एक जुना बुश ठेवलेला असतो. बाहेर लोखंडी नळी, आत रबर, त्याच्या आत पुन्हा एक बारीक नळी. रबर एका बाजूला फाटून लोंबतंय. हा माझ्याच गाडीतून काढला असं मला सांगण्यात आलं होतं. तो माझ्या गाडीचा नव्हताच, हे कळायला तेवीस दिवस गेले. तोवर ११,८०० रुपये देऊन मोकळा झालो होतो.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. बेळगावहून भाजी आणतो आणि साखळी, डिचोली व शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पोचवतो. पिकअप माझी, चालवतोही मीच. आठवड्याला तीन खेपा, चोर्ला घाटातून. पावसाळ्यात त्या घाटाचं काय होतं ते तिथून जाणाऱ्याला सांगायला नको, आणि न जाणाऱ्याला सांगून पटणार नाही.

श्रावणात मागून ‘खट्’ असा आवाज यायला लागला. आधी फक्त गतिरोधकावर. मग पहिला गिअर टाकून क्लच सोडला की एकदा आणि ब्रेक दाबला की एकदा. माल भरलेला असताना कमी, रिकाम्या गाडीत जास्त. वळणावर गाडीची मागची बाजू अंमळ उशिरा वळते असंही वाटायचं. पाट्याचे बुश गेले असणार, एवढं मलाही समजत होतं. पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवरच धरलेला असतो. पाट्याचं वळवलेलं टोक म्हणजे डोळा. प्रत्येक पाट्याचा पुढचा डोळा चॅसीच्या हँगरमध्ये पक्का, मागचा डोळा शॅकल नावाच्या कडीवर झुलता, कारण ओझ्याने पाटा सपाट झाला की तो लांब होतो आणि त्या वाढलेल्या लांबीला कुठेतरी जागा लागते. म्हणजे एका पाट्याला बुशाच्या जागा तीन: पुढचा डोळा, मागचा डोळा आणि शॅकल चॅसीला जिथे अडकतं ती वरची. दोन पाट्यांना सहा. हा सहाचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चतुर्थी बारा दिवसांवर आली होती. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात भाजीवाल्याची गाडी उभी राहिली तर घरचा गणपतीसुद्धा रागावेल. नेहमीचा मेस्त्री गावी गेलेला. लाइनवरच्या एका चालकाने रस्त्याला लागून असलेलं एक गॅरेज सुचवलं. नाव, गाव लिहीत नाही. मालक बोलायला फार गोड. गाडीखाली एकदा टॉर्च मारली आणि म्हणाला, “भाऊ, सगळे गेलेत, सहाच्या सहा. आतल्या पिनासुद्धा. हुस्को करूं नाका (काळजी करू नका), दोन तासांत करून देतो. इथे उन्हात कशाला बसता, चहा घेऊन या.”

आणि मी गेलो. नुसता चहाच नाही, जवळच मामेबहिणीचं घर होतं, तिथे जाऊन जेवलो.

परत आलो तर गाडी जमिनीवर, पाटे काळ्या रंगाने चकाचक. शेजारी वर्तमानपत्रावर डिझेलने पुसलेले सहा जुने बुश ओळीने मांडलेले. “बघा काय अवस्था होती,” असं म्हणत त्याने एक बुश माझ्या हातात दिला. रबर फाटलेलं, नळी गंजलेली. मी मनात म्हटलं, बरं झालं वेळेवर आलो. मुलाला दाखवायला म्हणून तो एक बुश खिशात टाकला. मालकाच्या चेहऱ्यावर तेव्हा क्षणभर काहीतरी हललं. आता आठवतं ते, तेव्हा लक्षात आलं नाही.

बिल म्हणून छापील पॅडवर पेनने एकच ओळ: ‘पाटा काम, ११,८००’. बुश किती, पिना किती, मजुरी किती, काही नाही. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला, “अठरा टक्के वर लागतील, तुमचंच नुकसान.” पाच हजार रोख घेतले, बाकीचे ६,८०० मोबाइलवरून. त्या ६,८०० चीच काय ती नोंद माझ्याकडे राहिली.

आठ-दहा दिवस आवाज गप्प. चतुर्थी निघाली. मग हळूहळू पुन्हा सुरू झाला, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी घाट उतरताना, पायथ्याचं केरी गाव खाली दिसायला लागलं तिथे, वळणावर ब्रेक मारला तर गाडी सरळ डावीकडे गटाराकडे ओढली. मागे सव्वा टन कोबी आणि टोमॅटो. गाडी सावरली, पण पाय कापत होते. तसाच हळूहळू साखळीला गेलो, एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे. त्याच्याकडे गाड्या कमी येतात, कारण तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी शिव्या घालतो.

त्याने गाडी उचललीच नाही. चाकं जमिनीवरच ठेवून खाली शिरला, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, शॅकल आणि पाट्याच्या मध्ये घातली आणि दाबली. शॅकल बोटभर सरकलं. मग मला खाली बोलावलं. पुढच्या हँगरच्या बोल्टावर टॉर्च धरली. “हे कोणी उघडलं होतं म्हणतोस?” आट्यांमध्ये घाटातली लाल माती बसून वाळून दगड झाली होती. नटाच्या कोपऱ्यावर पान्याचा एक ओरखडा नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. शॅकलच्या वरच्या जागाही तशाच, फक्त काळा रंग आणि त्यावर भरपूर जळकं ऑइल. आवाज गप्प केला होता तो त्या ऑइलने, आणि रबराला ऑइल म्हणजे विषच, फुगून मऊ पडतं. बदलले होते फक्त मागच्या डोळ्यांतले खालचे दोन, म्हणजे उकिडवं बसून वाकलं की जे सहज दिसतात तेच. तेही हलक्या रबराचे.

त्यातही गोम होती. ते दोन बुश गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना आवळले होते. तसं आवळलं की पाटा लोंबलेल्या अवस्थेत रबर घट्ट धरलं जातं, मग गाडी खाली उतरवली की पहिल्या क्षणापासून ते पिळलेलंच राहतं. त्यात घाटातले खड्डे. तेवीस दिवसांत दोन्ही कडेने चिरले होते. शेवटचा आवळा नेहमी वजन चाकांवर आल्यावर द्यायचा. हे मेस्त्रीने मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा शिवीसकट.

मग त्याने पुढच्या डोळ्याची पिन ठोकून काढली. मला म्हणाला, नख फिरव. मध्यावर नख अडकलं. पिनेला पायरी पडली होती, वर्षानुवर्षांची. तथाकथित नवीन पिन ही.

मी खिशातला बुश काढला. तो दिवसभर माझ्याकडेच होता, कारण मला वाटत होतं की मेस्त्रीला दाखवायला बरं. त्याने काही न बोलता तो माझ्या पिनेवर चढवला. पिन बोटाएवढी, बुशाचं भोक अंगठ्याएवढं. बुश पिनेवर बांगडीसारखा गरगर फिरला. कुठल्यातरी मोठ्या टेम्पोचा असावा.

साखळीच्या मेस्त्रीने सहाही जागा नव्या केल्या. पुढच्या डोळ्यातले जुने बुश प्रेसवर दाबून काढले. घाईत काही जण ते गॅसने जाळून काढतात, त्याने पाट्याच्या डोळ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, म्हणून त्याने नाही म्हटलं. दिवस गेला. मजुरीसकट ५,२०० झाले, त्यात चार नव्या पिना. बिल सुटं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या गॅरेजवर गेलो. मालक आधी ओळखेना. मग म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड करता. मग म्हणाला, पोरांनी चूक केली असेल. आम्ही बोलत होतो तेव्हा मागे एक बोलेरो जॅकवर होती आणि एक पोरगा कोपऱ्यातल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यातून जुने बुश काढून डिझेलने पुसत होता. डबा अर्धा भरलेला. बोलेरोचा मालक कुठे दिसत नव्हता. चहाला गेला असणार.

मी टेबलावरचा बुश वर धरून मोठ्याने म्हटलं की हा त्या डब्यातला आहे, परत टाकू का? तेव्हा कुठे आवाज खाली आला आणि ४,००० मोबाइलवर परत आले. बाकीचे ‘पुढच्या आठवड्यात’.

वकिलीण असलेल्या पुतणीला विचारलं. मला वाटलं होतं धंद्याची गाडी म्हणजे ग्राहक तक्रार करता येणार नाही. ती म्हणाली, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा वगळली आहे खरी, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्यासाठी तिथे अपवादही ठेवला आहे. मी स्वतः चालवतो, तेव्हा मी ग्राहक ठरू शकतो. आधी १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवायची, नाहीच झालं तर जिल्हा आयोगाकडे. दोन वर्षांची मुदत आहे आणि मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फी नाही. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. त्या एका ओळीच्या कागदावर ‘बुश’ हा शब्दच नाही, तर न टाकलेला बुश सिद्ध कशाने करणार? मेस्त्रीने काढलेल्या पिनेचा आणि मातीने भरलेल्या बोल्टाचा फोटो मी त्या दिवशी घेतला होता, तेवढंच हातात. अठरा टक्के वाचवायला गेलो आणि कागद गमावला.

आता गाडी कुठेही द्यायच्या आधी मी खाली शिरून जे जे उघडणार म्हणतात त्या प्रत्येक नटावर पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ ओढतो, नटावरून शेजारच्या लोखंडावर उतरणारी. नट फिरला की रेघ तुटते. काही मेस्त्री यावर हसतात, एकाने ‘विश्वास नाय तर जा’ म्हणून गाडी परत दिली. गेलो. आणि चहा तिथेच मागवतो, गाडीजवळ.

१९१५ वर तक्रार नोंदवून झाली. गॅरेजच्या मालकाचा परवा फोन आला होता. उरलेले पैसे देतो म्हणाला, पण तो जुना बुश घेऊन या. बुश मी दिलेला नाही.