पार्ट लोड की पूर्ण गाडी? आधी खोक्याचे घनफूट मोजा

चाकणहून बेंगळुरूला आठवड्यातून दोन-तीनदा माल पाठवणाऱ्या लघुउद्योजकापुढे सहसा दोन पर्याय असतात: जेवढा माल तयार झाला तेवढा पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून, धाडावा, किंवा थांबून स्वतंत्र गाडी करावी. बहुतेक जण दोन्हींचे दर शेजारी मांडतात. परंतु आपला माल गाडी वजनाने भरतो की जागेने, हे ठाऊक नसेल तर त्या दरांची तुलनाच होऊ शकत नाही.

प्लास्टिकच्या सुट्या भागांचे 60×45×40 सेंटिमीटरचे, 9 किलो वजनाचे एक खोके घेऊ. त्याचे घनफळ सुमारे 3.8 घनफूट भरते. अशा हलक्या मालाला पार्ट लोडचा ट्रान्सपोर्टर काट्यावरचे वजन लावत नाही, तर दर घनफुटाला ठरावीक किलो धरून बिल्टी (मालाची पावती) करतो. 8 किलो धरले, तर 9 किलोच्या खोक्याचे भाडे साडेतीस किलोंचे होते. किलोला 6 रुपये दर मानल्यास खोक्यामागे 183 रुपये पडतात. समजा, त्याच मार्गावर 32 फुटी सिंगल अ‍ॅक्सल (मागे एकच आस असलेल्या) कंटेनर गाडीचे भाडे 40,000 रुपये आहे. मग 219 खोक्यांपासून स्वतंत्र गाडी स्वस्त पडू लागते आणि तेवढ्याने गाडी निम्मीही भरत नाही. अर्धी रिकामी गाडी फाटकाबाहेर पडताना मालकाचा जीव तुटतो खरा, पण हिशेब तिच्याच बाजूने असतो.

ओतीव कामाच्या जड पेट्यांचे गणित उलटे आहे. तिथे काट्यावरचे वजनच लागू होत असल्याने थोड्या मालाला पार्ट लोड रास्त ठरतो, आणि माल जास्त असेल तर तितक्याच लांबीची, पण जवळपास दुप्पट वजन नेणारी मल्टी अ‍ॅक्सल (मागे एकाहून जास्त आस असलेली) गाडी बघावी. चार पेट्या जादा कोंबण्याचा मोह मात्र आवरावा, कारण मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा आहे.

गाडीतल्या मांडणीतही पैसे दडलेले असतात. आतून 32×8×8 फूट जागा असलेल्या गाडीत आधीच्या उदाहरणातली प्लास्टिक भागांची खोकी लांबीच्या दिशेने लावली तर 16×5×6 म्हणजे 480 बसतात. तीच आडवी फिरवली तर 21×4×6 म्हणजे 504. खोकी फुगलेली असतील तर रुंदीतली चार सेंटिमीटरची मोकळीक पुरत नाही, म्हणून पहिली ओळ प्रत्यक्ष लावून पाहावी.

एवढ्यासाठी लोड प्लॅनिंगचे सॉफ्टवेअर घ्यावे का? खोक्यांचे पाच-सहा आकार आणि माल उतरवण्याचे एकच ठिकाण असेल, तर माझ्या मते एक्सेल पुरते. त्यात तीन महिन्यांच्या प्रत्येक फेरीचे काट्यावरचे वजन, भरलेले घनफूट, भाडे, हमाली, वाराई आणि गाडी खोळंबल्याचे पैसे वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवावेत. हे सगळे ‘वाहतूक खर्च’ या एकाच आकड्यात मिसळले की गळती कुठे आहे ते दिसत नाही. आकार अनेक असतील आणि वाटेत कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशा ठिकाणी माल उतरत असेल, तर मात्र शेवटी उतरणारा माल आधी भरण्याचा क्रम आणि जागेचा पुरेपूर वापर एकाच वेळी हाताने जुळवणे कठीण होते. तिथे सॉफ्टवेअर उपयोगी पडते, पण खोक्यांची मापे जुन्या कॅटलॉगमधून न उचलता गोदामात टेप लावून घेतलेली असतील तरच.