शेवटच्या दोन जागा

‘फक्त महिलांसाठी. महिला लीडर. एका दिवसात बॅडलँड्स. शेवटच्या दोन जागा!’ मेसेज वाचला आणि हातातलं काम टाकून आधी पैसे भरले. बॅडलँड्स म्हणजे पावसापाण्याने झिजून नुसत्या घळी आणि मातीचे सुळके उरलेली ओसाड जमीन. त्या दिवशी गाडीत गप्पा सुरू झाल्यावर कळलं, आम्हा चौदाही जणींना ‘शेवटच्या दोन’मधलीच जागा मिळाली होती. खूप हसलो. खरं तर तिथेच उतरायला हवं होतं.

जिची प्रोफाइल दाखवून, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय असं सांगून पैसे घेतले, ती लीडर आलीच नाही. ‘ताई आजारी आहेत,’ म्हणत विशी-बाविशीतला एक मुलगा पुढे झाला. आठवडाभर आधी मी तिच्याशी बोलायचं म्हटलं होतं, तेव्हा ‘ती रेंजमध्ये नाही’ असं उत्तर आलं. ट्रेकवर असेल बिचारी, असं मीच स्वतःला समजावलं.

जाहिरातीत डोक्यावर सपाट दगडाची टोपी घातलेले मातीचे खांब होते. आम्हाला दिवसभरात तसा एकही दिसला नाही. घरी येऊन तो फोटो इंटरनेटवर शोधला, तर कॅनडातल्या अल्बर्टाचा, ड्रमहेलरजवळचा निघाला.

पण फोटोचं दुःख कमी, वाटेचं जास्त. आदल्या रात्री पाऊस झाला होता. अशा ठिकाणच्या मातीत बऱ्याचदा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट चिकणमाती असते. वाळली की वरचा थर मक्याच्या लाह्यांसारखा फुगीर, भुसभुशीत दिसतो. ओली झाली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. जाणता माणूस अशा दिवशी लोकांना आत नेतच नाही. आमच्या बुटांना दोन-दोन बोटं चिखल चिकटला, पाय उचलवेना. एकीचा घोटा मुरगळला तेव्हा प्रथमोपचाराची पेटी मागितली, तर त्या मुलाच्या सॅकमधून पाण्याची बाटली आणि पॉवर बँक निघाली. क्रेप बँडेज शेवटी आमच्यातल्याच एकीकडे होतं.

तो मुलगा कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकलेला ट्रॅक, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेली वाट, फोनवर बघत चालला होता. अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या बॅडलँड्सची झीजच वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर आहे. असल्या जमिनीत एका पावसात घळ नवी होते, कडा ढासळते. ट्रॅकवर वाट होती, समोर खड्डा. दोनदा परत फिरलो. पोराचा रागही येईना. तोही पहिल्यांदाच आला होता, दुपारी स्वतःच कबूल केलं त्याने.

रिफंड मागितल्यावर आयोजकाने फॉर्म पुढे केला. निघायच्या घाईत, गाडीत बसल्या बसल्या फोनवर ‘मान्य’ दाबलेला. सातव्या ओळीत ‘लीडर, मार्ग व ठिकाण बदलण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील.’ मी जास्त विचारल्यावर मला ग्रुपमधून काढलं, जुने मेसेजही पुसले. नशीब, गाडीतच आम्ही आमचा वेगळा ग्रुप केला होता आणि काहीजणींकडे स्क्रीनशॉट होते.

आता पैसे भरण्याआधी मी लीडरशी व्हिडिओ कॉलवर बोलते, परवानगीचा कागद मागते आणि ‘पाऊस झाला तर काय?’ एवढं विचारते. ‘काही होत नाही हो ताई’ असं उत्तर आलं की तिथून पाय काढते. शिवाय पैसे कुणाच्या नावावर जाताहेत ते बघते. आमचे एका खासगी खात्यावर गेले होते, पावतीवर ‘ऐच्छिक वर्गणी’.

चौदाजणींनी मिळून तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा मैत्रिणीने तीच जाहिरात पाठवली. फोटो ड्रमहेलरचाच आहे, ताईंचं नाव तेवढं बदललंय.