प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ: मालवणात एक पावसाळा काढल्यावर

घरातलं सुतारकाम मार्चअखेर संपलं, आता नोव्हेंबर आहे. घर मालवण तालुक्यातलं, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, समुद्र दहा मिनिटांवर. लाकडी सामान कोरड्यात बसलं, जुलैत भिजट हवा प्यायलं आणि आता सुकलंय. दुकानात शीट उलटीसुलटी करून जे कळत नाही ते या आठ महिन्यांत कळलं.

सगळ्यात वाईट निघाला पार्टिकल बोर्ड. सिंकखालचं तयार कपाट त्याचं होतं. तळाची १८ मिमीची फळी पुढच्या कडेला २२ मिमी झाली, कडपट्टी सुटून वर वळली, बिजागरीचे स्क्रू नुसते फिरू लागले. सुकल्यावरही फुगलेला भाग खाली बसला नाही. हा बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुगा, ओलाव्यानं तो दाब सुटला की परत येत नाही. पण त्याच फळीचा मधला भाग जसाच्या तसा होता! वरून लॅमिनेट असल्यामुळे पाणी फक्त कडेनं शिरलं. कोकणात शीट कुठलीही घ्या, आधी कडेचा विचार करा.

स्वयंपाकघराच्या बाकीच्या खोक्यांना बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय आहे, बाजारात ज्याला मरीन म्हणतात, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. फिनॉलिक, म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या गोंदामुळे तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा अशी मानकाची अट आहे. शीटवर ७१० आकड्यासोबत आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल परवाना क्रमांक बघा, नुसत्या ‘मरीन’ शब्दावर जाऊ नका. दोन इंचांचा तुकडा कापून घरी आठ तास उकळला तरी हलका माल पापुद्रे सोडतो. शीट हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, बद्द आवाज आला की आत पोकळी. अशा जागी स्क्रू धरत नाही. या प्लायला आठ महिन्यांत काही झालं नाही, पण प्रत्येक कापलेली कड गोंद लावून २ मिमीच्या पीव्हीसी पट्टीनं बंद केलीय आणि खोकी १०० मिमीच्या प्लास्टिक पायांवर आहेत. फरशी धुतली तरी पाणी तळाला लागत नाही. कमर्शियल, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा एमआर प्लाय, माजघरातल्या कपाटांपुरता ठीक. मोरीजवळ नको.

एचडीएचएमआर, म्हणजे एमडीएफसारखाच पण जास्त दाट आणि ओलावा सोसणारा बोर्ड, ट्रॉल्यांच्या दर्शनी भागाला वापरलाय. पृष्ठभाग गुळगुळीत, कड घट्ट, रंग छान बसतो. पण वजन विसरू नका. घनमीटरला सुमारे ८५० किलो धरले तर १८ मिमीची आठ बाय चार फुटी शीट ४५ किलोंच्या आसपास जाते. दोन बाय सात फुटांचं कपाटाचं दार २० किलोंचं होतं, त्याला तीन बिजागऱ्या पुरत नाहीत, पाच लावा. साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, इथे फक्त देवघराच्या जाळीला ठेवलाय.

उंच दारांना ब्लॉकबोर्डच. आत लाकडाच्या पट्ट्या असतात, त्या उभ्या ठेवल्या की दार सरळ राहतं. एका दाराला मात्र ऑगस्टमध्ये बाक आला, वरचा कोपरा बोटभर पुढे. कारण साधं: बाहेरून १ मिमी सनमायका, आतून नुसता रंग. एक बाजू दमट हवा पिते, दुसरी नाही, मग बोर्ड वळतो. आतूनही ०.८ मिमी लॅमिनेट लावलेली बाकीची दारं आजही सरळ आहेत. सुताराला हे आधीच सांगा, नंतर इलाज नाही.

जांभा पावसात ओल धरतो, म्हणून कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नका. १० ते १२ मिमी जागा ठेवली की हवा खेळते, शिवाय वाळवीची मातीची नळी टॉर्च लावून दिसते. मरीन प्लायला औषध लावलेलं असतं, पण वाळवी मागून चढून आतल्या कपड्यांपर्यंत जाते. खिळे-स्क्रू एसएस ३०४ चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रूंभोवती सप्टेंबरपर्यंत काळे डाग पडले होते. स्लॅबचं उरलेलं शटरिंग प्लाय फडताळाला वापरायचा मोह टाळा, त्यात तेल मुरलेलं असतं आणि त्यावर सनमायका धरत नाही.

राहिलं न्हाणीचं फ्लश डोअर. दार वॉटरप्रूफ, वरून लॅमिनेट, तरी पावसात खाली घासायला लागलं. बसवताना सुतार खालची कड रंधून काढतो आणि त्या उघड्या कडेला कोणीच रंग लावत नाही, कारण दार तोवर टांगलेलं असतं. आता ते उतरवून, चार दिवस सावलीत वाळवून, खालच्या कडेला प्रायमरचा एक आणि ऑइलपेंटचे दोन हात दिलेत, फरशीपासून ८ मिमी जागा सोडलीय.