बॅराला जाताना: बोट की विमान?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज बेटांची माळ आहे. बॅरा हे तिच्या दक्षिण टोकाचं बेट. मुख्य भूमीवरून तिथं थेट जायचं तर दोन मार्ग: ओबानहून कॅलमॅकची फेरीबोट किंवा ग्लासगोहून लोगनएअरचं छोटं विमान. आमच्याबरोबर आई होती आणि तिला बोट लागते, त्यामुळे घरात यावर बराच खल झाला.

वेळ बघितली तर विमानाला तोड नाही. ते सव्वा तासात पोचतं. बोटीला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात, शिवाय आधी ग्लासगो ते ओबान रेल्वेचे तीन तास. म्हणजे अख्खा दिवस प्रवासातच.

पण तो दिवस वाया जात नाही. सुरुवातीचे दोन तास बोट मल बेटाच्या आडोशानं जाते. डावीकडे कड्यावरचा डुअर्ट किल्ला आणि पुढे टोबरमोरी गाव, उजवीकडे आर्डनामर्खनचं दीपगृह. तोवर पोटातलं पाणी हलत नाही. दीपगृह मागे पडलं की मोकळा समुद्र लागतो, आणि खरी परीक्षा तिथून पुढे. आईनं ओबानलाच गोळी घेतली होती. दीपगृहापर्यंत ती डेकवर उभी राहिली, मग आलेपाकाची वडी तोंडात धरून बोटीच्या मधोमध बसली, कारण तिथं हेलकावे कमी जाणवतात. बॅराचं बंदर कॅसलबे जवळ आलं तशी पुन्हा बाहेर आली. खाडीत, चहूबाजूंनी पाणी असलेल्या खडकावर मॅकनील घराण्याचा किसिमुल किल्ला उभा आहे. आपल्या जलदुर्गांच्या मानानं अगदी लहान, पण बोट त्याच्या शेजारून धक्क्याकडे वळते तेव्हा नजर हलत नाही.

गाडी न्यायची असेल तर प्रश्नच मिटला, बोटच. उन्हाळ्यात गाडीची जागा फार आधी भरते, पायी जाणाऱ्यांना तेवढी चिंता नसते. सायकलीला वेगळं भाडं नाही.

विमानाची मजा उतरताना आहे. ट्राय वोर नावाची विस्तीर्ण पुळण हीच धावपट्टी. लाकडी खांबांनी आखलेल्या तीन पट्ट्या, आणि भरतीला तिन्ही पाण्याखाली! म्हणून वेळापत्रक ओहोटी बघून ठरतं, रोज एकाच वेळेची अपेक्षा नको. ट्विन ऑटर विमानात जेमतेम १९ जण मावतात. सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते, ती तिकीट काढतानाच वाचा. चाकं ओल्या वाळूला टेकली की खिडकीबाहेर पाण्याचे फवारे उडतात. बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडकत असेल तर पुळणीवर पाऊल ठेवायचं नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

हवा बिघडली तर दोन्ही रद्द होऊ शकतात: बोट वाऱ्यानं, विमान धुक्यानंही. म्हणून भारतात परतायचं विमान बॅराहून निघायच्या दिवशीच अजिबात ठेवू नका, मध्ये निदान एक रात्र ग्लासगोत काढा.

माझं मत विचाराल तर जाताना बोट, येताना विमान. बेट किती लांब आहे ते बोटीवरच उमगतं आणि किल्लाही समोरून भेटतो. परत येताना तीच बेटं वरून ओळखता येतात. फार बोट लागणारं कुणी असेल किंवा हातात दोनच दिवस असतील, तर मात्र दोन्ही वेळा विमानच घ्या. आईनं परतीच्या विमानात खिडकी धरली आणि ते दीपगृह दिसतंय का, हेच शोधत बसली.