'बॅक टू द फ्युचर' ब्लू-रे संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

काळप्रवासावरच्या या हॉलिवूडपटाच्या तिन्ही भागांचा, २०१० साली निघालेला पंचविशीचा संच गेल्या पावसाळ्यात पुण्यातच सेकंडहँड घेतला. नुसता सिनेमा बघायला ओटीटी आहे. मी पैसे मोजले ते एक्स्ट्रासाठी, म्हणजे सिनेमासोबतच्या जादा सामग्रीसाठी, आणि ते वसूल झाले.

सर्वात जास्त वापरला तो ट्रिव्हिया ट्रॅक. सिनेमा चालू असतानाच पडद्यावर माहिती उमटते. एकट्याने बघायला झकास, घरच्यांबरोबर लावलात तर बोलणी खाल. माझ्या भाच्याला मात्र तेच आवडतं. दर दोन मिनिटांनी 'मामा, थांबव' सुरू.

खरा ऐवज माहितीपटात आहे. नायक मार्टीच्या भूमिकेत आधी एरिक स्टोल्ट्झ होता. नोव्हेंबर १९८४ पासून काही आठवडे शूटिंग झालं, पण तो फार गंभीर वाटतो म्हणून जानेवारीत त्याला काढलं आणि मायकल जे. फॉक्सला आणलं. स्टोल्ट्झची थोडी दृश्यं इथे बघायला मिळतात. तीच गाडी, आणि विनोदाचा पत्ता नाही! दिग्दर्शक झेमेकिस का अडून बसला ते लगेच कळतं. फॉक्स दिवसा टीव्ही मालिका करायचा आणि रात्री हा सिनेमा. तो बुटका असल्यामुळे मार्टीची मैत्रीण जेनिफर साकारणारी नटीही बदलावी लागली, कारण आधी घेतलेली मेलोरा हार्डिन त्याच्यापेक्षा उंच होती. एक माणूस बदलला की कुठे कुठे टाके उसवतात बघा.

पटकथेच्या आधीच्या खर्ड्यात टाइम मशीन म्हणजे फ्रिज होता. मुलं बघून फ्रिजमध्ये कोंडून घेतील या भीतीने तो गेला आणि डेलोरियन गाडी आली. शेवट अणुचाचणीच्या जागेवर होणार होता. तो खर्चापायी कापला आणि घड्याळाचा मनोरा आला. बजेट कमी पडलं ते बरंच झालं म्हणायचं.

माझी आवडती गंमत स्पीडोमीटरची. अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमामुळे डेलोरियनचा काटा ताशी ८५ मैलांपर्यंतच जायचा. सिनेमात काळप्रवासाला हवे ८८! म्हणून तबकडीच बदलली. पॉज करून बघा, आकडे ९५ पर्यंत आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या भागाचे एक्स्ट्रा ठीकठाक. मेनू संथ आहे. गुरुवारी वीज गेली की माझ्या प्लेअरवर डिस्क पहिल्यापासून सुरू होते, ते वैताग आणतं. मराठी सबटायटल्स नाहीत. निर्माते बॉब गेल आणि नील कॅन्टनची कॉमेंटरी भरभर आहे, इंग्रजीला कान सरावलेला हवा. घरी ब्लू-रे प्लेअर असेल तरच घ्या, या संचासाठी नवा प्लेअर घेणं परवडणार नाही.