निगेटिव्ह घरी डिजिटल करायच्या: कॅमेऱ्याने की स्कॅनरने?

जुन्या निगेटिव्ह डिजिटल करायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा असतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारावा. आधी डबा उघडून बघा: निगेटिव्ह कृष्णधवल आहेत की रंगीत, किती आहेत, आणि त्यांच्यावर धूळ आणि ओरखडे किती आहेत. कॅमेरा (म्हणजे निगेटिव्ह दिव्यावर ठेवून तिचा जवळून फोटो काढायचा) की स्कॅनर, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

धुळीपासूनच सुरुवात करतो, कारण वेळ खरा तीच खाते. चांगल्या फिल्म स्कॅनरमध्ये, आणि एप्सन व्ही 600 सारख्या फ्लॅटबेडमध्येही (म्हणजे कागद काचेवर ठेवतात तशा सपाट स्कॅनरमध्येही), इन्फ्रारेड प्रकाशाची सोय असते. रंगीत निगेटिव्हमधले रंग हा प्रकाश आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. त्यामुळे स्कॅनरला डाग नेमके कुठे आहेत याचा नकाशाच मिळतो आणि तेवढीच जागा तो भरून काढतो. डिजिटल आइस म्हणतात ते हेच. कॅमेऱ्याकडे असं काही नाही. आकाशाच्या मोकळ्या निळ्या भागात एखादा बोटाचा ठसा उमटलेला असेल, तर फोटो 100 टक्के मोठा करून त्याची एकेक रेघ हाताने पुसत बसावं लागतं. एका फोटोपुरतं ठीक आहे. डबाभर रंगीत निगेटिव्ह अशाच मळलेल्या असतील तर उत्साह टिकत नाही.

कृष्णधवल फिल्मच्या बाबतीत मात्र स्कॅनरची ही जमेची बाजू उरत नाही. तिथे चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. स्कॅनरला सगळं चित्रच धूळ वाटू लागतं, म्हणून ती सोय बंद ठेवावी लागते. इल्फर्डची एक्सपी 2 सुपर याला अपवाद, कारण ती कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिच्यात शेवटी चांदी राहत नाही. कोडाक्रोम स्लाइड्सवरही इन्फ्रारेड सफाईचा भरवसा धरू नये.

म्हणून माझं मत असं: डब्यात प्रामुख्याने कृष्णधवल रोल असतील, किंवा रंगीत पण नीट जपलेले असतील, तर कॅमेरा. थोड्याच पण मळलेल्या रंगीत पट्ट्या असतील तर इन्फ्रारेड असलेला स्कॅनर.

बारकावा आणि वेग

35 मिमी फिल्मची फ्रेम 36 × 24 मिमी असते. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याने आणि 1:1 मॅक्रो लेन्सने (म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकारात उतरवणाऱ्या लेन्सने) ती पूर्ण भरून टिपली, तर 36 मिमीवर 6000 पिक्सेल पडतात, म्हणजे इंचाला साधारण 4200. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर 1:1 ची गरजही नाही, 0.65 पट मोठेपणा पुरतो. आता फ्लॅटबेडच्या खोक्यावर इंचाला 6400 छापलेलं असतं, पण फिल्ममधून प्रत्यक्ष हाती येणारा बारकावा त्याच्या निम्माही नसतो. फाइल नुसती फुगते. 35 मिमीसाठी फ्लॅटबेड घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. 120 नावाच्या रुंद फिल्मच्या मोठ्या निगेटिव्हला, म्हणजे 6 × 6 सेंमीसारख्या आकाराला, तो अजूनही छान काम देतो, कारण तिथे मुळात फिल्मच मोठी असते.

प्लस्टेक 8200 आय सारखा खास 35 मिमीचा स्कॅनर बारकाव्यात कॅमेऱ्याच्या बराच जवळ येतो. मात्र त्यात होल्डर हाताने एकेक फ्रेम पुढे सरकवायचा, आणि मोठ्या रिझोल्यूशनला इन्फ्रारेड चालू ठेवलं की प्रत्येक फ्रेमला काही मिनिटं जातात. कॅमेऱ्याचं सगळं नीट मांडून झालं की 36 फ्रेमचा रोल दहा-पंधरा मिनिटांत टिपून होतो. निकॉनचे कूलस्कॅन फार नावाजलेले होते आणि आहेत, पण त्यांचं उत्पादन कधीच थांबलं आहे. जुनं यंत्र घ्यायचं असेल तर ते तुमच्या संगणकाला जोडता येतं का आणि व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमधून चालतं का, हे आधी बघून घ्या.

कॅमेऱ्याची मांडणी

कॅमेऱ्याच्या बाजूने निर्णय झाला तर पैसे कॅमेऱ्यावर नव्हे, लेन्स, होल्डर आणि दिवा या तिघांवर घाला. हातात असलेला कुठलाही बरा डिजिटल कॅमेरा चालतो. दिव्याचा सीआरआय (त्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 95 च्या वर हवा, नाहीतर काही रंग मुळातच नीट टिपले जात नाहीत आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. फोनचा पडदा दिवा म्हणून वापरू नका. फिल्म जवळ असली की पडद्याचे पिक्सेल जाळीसारखे चित्रात उतरतात. दिव्याचं सपाट पॅनल असलं तरी फिल्म त्याच्यापासून थोडी वर ठेवा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसच्या बाहेर जाते.

कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे तपासायला एक छोटा आरसा पुरतो. फिल्मच्या जागी आरसा सपाट ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा सरळ. ते जरा जरी बाजूला असलं तरी फ्रेमचा एक कोपरा मऊ येणार. खोलीतले दिवे बंद करा आणि फिल्मभोवतीचा उघडा पॅनल काळ्या कागदाने झाका. फिल्मच्या कडेच्या भोकांमधून आणि बाजूने येणारा प्रकाश लेन्समध्ये पसरला की चित्राचा कॉन्ट्रास्ट मरतो. आयएसओ 100, एफ/8, दोन सेकंदांचा टायमर आणि रॉ फाइल (म्हणजे सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल). एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स अख्ख्या रोलसाठी एकच ठेवा, त्याचा फायदा पुढे सॉफ्टवेअरमध्ये दिसतो.

निकॉन डी 850 मध्ये निगेटिव्ह उलटवण्याची, म्हणजे तिचं सरळ चित्र करण्याची, सोय कॅमेऱ्यातच आहे. पण ती जेपेग देते, पुढे सुधारायला फारसा वाव ठेवत नाही. मी ती वापरणार नाही.

उलटवायचं कशात?

कृष्णधवल निगेटिव्ह कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह उलटा केला की सरळ होते, त्यासाठी वेगळं काही विकत घेऊ नका. रंगीत निगेटिव्हचं तसं नाही. 1972 मध्ये आलेल्या सी-41 प्रक्रियेच्या फिल्मवर जी नारिंगी झाक दिसते, ती फिल्ममधल्या रंगांचे दोष भरून काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेला मास्क आहे. नुसतं उलटवलं की तीच झाक निळी होऊन चित्रभर पसरते. शिवाय तिन्ही थरांचा चढउतार एकसारखा नसतो. सावलीतली भिंत राखाडी करावी तर उन्हातला चेहरा हिरवट होतो, चेहरा सुधारावा तर भिंत निळी. हा गुंता सोडवणं हेच या सॉफ्टवेअरचं खरं काम.

तुम्ही आधीपासून अडोबीचं लाइटरूम क्लासिक हे फोटो सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला जोडायचं निगेटिव्ह लॅब प्रो घ्या. फिल्मच्या कोऱ्या भागावर व्हाइट बॅलन्स घ्यायचा, कडा कापायच्या आणि कन्व्हर्ट करायचं. अख्खा रोल एका दमात होतो आणि रंग पहिल्याच फटक्यात बरेचदा पटण्यासारखे येतात. अडचण दोन ठिकाणी येते. ते स्वतः एकदाच विकत घ्यायचं असलं तरी लाइटरूमचं भाडं चालूच राहतं. आणि कन्व्हर्ट केल्यावर लाइटरूमचे नेहमीचे स्लायडर उलटे चालतात: एक्स्पोजर वाढवलं की चित्र काळवंडतं. पुढचं काम करायचं असेल तर टिफ प्रत काढून घ्यावी.

लाइटरूम नसेल तर केवळ यासाठी ते घेऊ नका. डार्कटेबल हे फोटो सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं निगेटिव्ह उलटवायचं साधन, निगाडॉक्टर, मनापासून आवडावं असं आहे. आधी कोऱ्या फिल्मचा रंग निवडायचा, मग घनता, मग सावल्या आणि उजेड यांची रंगछटा वेगवेगळी दुरुस्त करायची, शेवटी कागदावर प्रिंट काढताना ठरवतात तसा काळेपणा आणि ग्रेड (म्हणजे कॉन्ट्रास्ट). वर सांगितलेली भिंत आणि चेहरा यांची ओढाताण इथे सरळ हाताळता येते. शिकायला दोन-तीन संध्याकाळी जातील, पण एका फ्रेमवर बसवलेली सेटिंग्ज बाकी रोलवर चिकटवता येतात. एक्स्पोजर एकच ठेवायला सांगितलं ते यासाठीच. कोरा भाग म्हणून रोलचं काळं झालेलं सुरुवातीचं टोक घेऊ नका, त्याच्यावर प्रकाश पडून गेलेला असतो. दोन फ्रेममधली पट्टी घ्या.

रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्येही फिल्म निगेटिव्हचं साधन आहे, तेही फुकट. फोटोशॉप असणाऱ्यांना ग्रेन टू पिक्सेल आहे. फिल्मलॅब स्वतंत्र चालतं आणि सोपं आहे. स्कॅनर घेतलात तर सिल्व्हरफास्ट किंवा व्ह्यूस्कॅन, आणि फाइल 16 बिटची ठेवा.

निगेटिव्हची मूळ रॉ फाइल मात्र, कशातही उलटवली तरी, जपून ठेवा. पुढे चांगलं सॉफ्टवेअर आलं तर परत फिल्म बाहेर काढून धूळ झटकायची वेळ येत नाही.

आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर क्रम बदला. तो ॲसिटेट फिल्म कुजू लागल्याचा वास आहे. अशी फिल्म आक्रसते, वळते आणि होल्डरमध्ये सपाट बसेनाशी होते. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, कारण त्यांची आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते, आणि स्कॅन सगळ्यात आधी त्याच करा. वळलेल्या फिल्मवर काच ठेवायची झाली तर न्यूटन रिंग (काच आणि फिल्म टेकतात तिथे दिसणारी रंगीत वर्तुळं) न पडणारी, बारीक खरखरीत काच वापरा.