कोरोनात आमचं पाळणाघर कसं चाललं : एका आईचा रिव्ह्यू

बऱ्याच जणींनी विचारलं की साथ चालू असताना मुलीला पाळणाघरात पाठवायची हिंमत कशी केलीस आणि तिथे नेमकं काय करायचे, तर एकदाच सगळं लिहून टाकते. नाव देत नाहीये कारण खाली थोडी कुरकुर पण आहे. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. पाचपैकी चार स्टार.

आधी चांगलं सांगते. तिथल्या बाईंनी (म्हणजे ज्या चालवतात त्या) पहिल्याच मीटिंगला आम्हा पालकांना सांगितलं की मी मुलांची काळजी घेणार नाहीये, ती माझ्या ताया घेतात, मी तायांची काळजी घेणार. तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, म्हटलं हे काय नवीन. पण पुढे जे बघितलं त्यावरून सांगते की बाकीची जागा, रंगीत भिंती, कॅमेरे, ॲप वगैरे सगळं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला.

त्याचा अर्थ काय तर एक, कुठल्याही ताईला खोकला, ताप, घसा काहीही वाटलं की घरी थांबायचं आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. ऐकायला साधं वाटतं ना, पण विचार करा, जिथे सुट्टीचा पगार जातो तिथे माणूस गोळी खाऊन कामावर येतो आणि सांगत नाही, आणि मग तो खोकला अख्ख्या वर्गात फिरतो. दोन, एक जादा ताई ठेवलेली, तिला वर्ग नव्हता, कोणी घरी राहिलं की ती उभी राहायची, नाहीतर बाकीच्यांना आळीपाळीने ब्रेक द्यायची म्हणजे उघड्यावर जाऊन मास्क काढून पाणी पिणं, पाच मिनिटं गप्प बसणं. दिवसभर मास्क लावून लहान मुलांशी मोठ्या आवाजात बोलून बघा एकदा, संध्याकाळी घसा बसतो.

तीन म्हणजे गट फिक्स. तीच मुलं, त्याच दोन ताया, वेगळी खोली, अंगणात जायची वेळ पण वेगळी. आमच्या शेजारच्या गटात एक जण पॉझिटिव्ह निघालं तेव्हा तेवढाच गट घरी बसला, बाकी चालू राहिलं. पण मला जास्त आवडलं ते वेगळंच, मुलीला रोज तोच चेहरा दिसायचा. या वयाच्या पोराला साथ म्हणजे काय काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की सकाळी आई गेली आणि समोर कोण आहे. रोज नवीन माणूस समोर आलं तर रडणारच.

आता चेहरा म्हटलं तर मास्क. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की ५ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको, त्यामुळे पोरांना नव्हता, तायांना होता. सुरुवातीला दोन-तीन मुलं जाम बिचकली. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७५ च्या सुमारास दाखवलं होतं की आईने चेहरा एकदम निर्विकार ठेवला तर तान्हं बाळ पण थोड्याच वेळात अस्वस्थ होतं. मास्क म्हणजे अगदी तसं नाही, डोळे आणि आवाज असतोच, पण तायांनी ते मनावर घेतलं. प्रत्येकीने आपला हसरा मोठा फोटो छातीला लावला, अंगणात लांब उभं राहून मास्क काढून पोरांना चेहरा दाखवायच्या, आणि बोलताना भुवया, हात, मान सगळं वापरायच्या, नाटकातल्यासारखं. आमची घरी येऊन भुवया उडवून बोलायला लागली ते वेगळं!

एक दिवस घ्यायला गेले तर मुलगी गेटजवळ बाहुलीच्या नाकात काडी घालत होती आणि म्हणत होती "झालं झालं, रडू नको". मला कसंतरी झालं, मी म्हटलं ताई हे काय खेळतायत. ताई म्हणाल्या खेळू दे, तिची टेस्ट झाली ना परवा, तेच बाहेर काढतेय, आम्ही फक्त बाहुलीला विचारतो दुखलं का गं. मग त्यांनी खरंच विचारलं आणि मुलीने बाहुलीच्या वतीने उत्तर दिलं, "थोडंसं." दटावून बंद पाडणाऱ्या ताया पण मी पाहिल्यात, म्हणून हे लिहिलं.

आता कुरकुर. गेटवरची ती ताप मोजायची बंदूक, उन्हातून आलं की आकडा वर, गारठ्यातून आलं की खाली, आणि लागण झालेल्या कितीतरी मुलांना तर तापच नसतो. रांग मात्र रोज. खेळणी दिवसातून इतक्यांदा पुसायचे की खोलीला दवाखान्याचा वास यायचा आणि मऊ खेळणी सगळी कपाटात बंद, पोरांना झोपताना हातात धरायला काही नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावून लागण व्हायची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी, खरा प्रश्न हवेचा, तरी यांचं पुसणं चालूच. खिडक्या मात्र कायम उघड्या ठेवायचे आणि जमेल तेवढा वेळ अंगणात, त्याचे मार्क देते. साबणाने २० सेकंद हात धुणं पण व्यवस्थित करून घ्यायचे.

बंद होतं तेव्हा व्हिडिओ कॉलवर गोष्टी सांगायचे. अडीच वर्षाचं पोर स्क्रीनसमोर किती बसणार, आमची दोन मिनिटांत टेबलाखाली. शेवटी एका ताईंनी रोज फक्त फोन करून मुलीचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली, तेच बरं पडलं.

फीबद्दल विचारतात म्हणून, बंद काळात पण काही भाग घेतला, तायांचा पगार चालू राहावा म्हणून, आणि कुठे गेला ते लिहून दिलं. काही पालक भांडले. मला पटलं, कारण त्या गेल्या असत्या तर उघडल्यावर सगळीच अनोळखी माणसं असती.

कोणी म्हणेल हे सगळं ठीक पण धोका? येल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या ५७ हजारांहून जास्त पाळणाघर कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात साथीच्या पहिल्या काही महिन्यांत काम चालू ठेवलेल्यांना लागण जास्त झाली असं दिसलं नाही. पण ते खबरदारी घेणाऱ्या ठिकाणांचं, आणि आसपास साथ भडकलेली असेल तर तो आकडा घेऊन बसू नका.

एक स्टार का कापला तर तायांच्या मनाचं कोणी बघितलं नाही. सुट्टी दिली, पगार दिला, पण एका ताईंच्या घरात माणूस गेलं आणि त्या आठवड्याभराने परत येऊन पोरांसमोर हसत होत्या, त्यांच्याशी बसून बोलायला बाहेरचं कोणी आणलं असतं तर फार खर्च नव्हता. पुढे त्यांनी नोकरी सोडली. आणि साथ ओसरल्यावर ती जादा ताईची जागा पण बंद केली म्हणे. बाई वाचत असाल तर ती परत चालू करा, साधी सर्दीची लाट आली तरी लागते ती.